'ॲक्ट ऑफ गॉड' : अस्मानीच्या आड दडलेली सुलतानी

२७ ऑगस्ट २०२० रोजी जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कोरोनाच्या साथीला 'ॲक्ट ऑफ गॉड' म्हटले. राज्यांना द्यायच्या भरपाईत त्या वर्षी २ लाख ३५ हजार कोटींची तूट येईल, असा सरकारचाच अंदाज होता. ही भरपाई दान नव्हती. २०१७ च्या कायद्याने पाच वर्षांसाठी दिलेला तो शब्द होता. शब्द पाळायची वेळ आली तेव्हा बोट आकाशाकडे गेले.

त्याआधी, ३१ मार्च २०१६ रोजी कोलकात्यात बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला आणि दोन डझनांहून अधिक माणसे गाडली गेली. ठेकेदार कंपनीच्या अधिकाऱ्यानेही हेच तीन शब्द उच्चारले. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेत मोरबीचा झुलता पूल तुटून १३५ जण मेले. पुलाची देखभाल ज्या कंपनीकडे होती तिच्या व्यवस्थापकाने न्यायालयात ही भगवंताची इच्छा असल्याचे सांगितले. आमच्या महाराष्ट्राने तर याहून पुढची मजल मारली. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, झोपेतली माणसे वाहून गेली, आणि जलसंधारण मंत्र्यांनी दोष दिला खेकड्यांना! देव नाही सापडला तर खेकडा चालेल, पण ठेकेदार आणि अधिकारी सापडता कामा नयेत.

'देवाची करणी आणि नारळात पाणी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. नारळातले पाणी देवाने घातले असे कोणी म्हटले तर आमचे काही जात नाही. पण धरणातले पाणी गावात कसे शिरले याचेही उत्तर 'देवाची करणी' असेच मिळू लागले, की आम्हाला बोलावे लागते. हा शब्द नेमका आला कुठून, कायद्यात त्याचा अर्थ काय, आणि तो आपल्या माणसांच्या तोंडावर कसा फेकला जातो, हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे. म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट. या शब्दात 'गॉड' आहे म्हणून तो धर्मशास्त्राचा शब्द आहे असे समजू नका. तो इंग्लंडच्या न्यायालयांतला, जमीन-जुमला आणि मालवाहतुकीच्या भांडणांतला शब्द आहे. १५८१ च्या शेलीच्या खटल्यात तो आढळतो, आणि तिथे 'देवाचे कृत्य' म्हणजे काय तर एका माणसाचा मृत्यू. मुद्दा साधा होता. जे कोणाच्याही हुशारीने वा कष्टाने टळले नसते, त्याचा भुर्दंड निर्दोष माणसावर टाकू नये.

पुढे हा शब्द व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर फिरला. त्या काळी माल नेणारा गाडीवान वाटेतल्या दरोडेखोरांशी संगनमत करी आणि 'माल लुटला गेला' म्हणून हात वर करी. मालकाने ते सिद्ध कसे करायचे? म्हणून कायद्याने नियम कडक केला. माल पोचला नाही तर गाडीवानच जबाबदार, चूक असो वा नसो. सूट दोनच : देवाचे कृत्य आणि राजाचे शत्रू. १७०३ च्या कॉग्ज विरुद्ध बर्नार्ड खटल्यात हे सूत्र मांडले गेले. १७८५ साली फॉरवर्ड विरुद्ध पिटार्ड खटल्यात गाडीवानाच्या ताब्यातला माल शेजारून पसरत आलेल्या आगीत जळाला. गाडीवानाची काहीच चूक नव्हती. तरीही न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी त्याला जबाबदार धरले. आग माणसाने लावलेली असू शकते, ती वीज पडून लागलेली नाही, म्हणून ती देवाचे कृत्य नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

मराठी वाचकाला ही जोडी ओळखीची वाटेल. 'देवाचे कृत्य आणि राजाचे शत्रू' म्हणजे आपली 'अस्मानी-सुलतानी'च! जुन्या मराठी महसुली कागदांत, इजाऱ्याच्या करारांत हा शब्द येतो. अस्मानी म्हणजे दुष्काळ, पूर, गारपीट. सुलतानी म्हणजे फौजेची धामधूम, लुटालूट. अस्मानी-सुलतानी झाली तर वसुलीत सूट. आमच्या पूर्वसुरींना दोन्ही संकटांची नावे वेगळी ठेवण्याचे शहाणपण होते. आजच्या राज्यकर्त्यांनी या जोडशब्दातली सुलतानी पुसून टाकली आहे आणि सगळेच अस्मानीच्या खात्यावर मांडले आहे. त्यांची खरी चलाखी हीच.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. देवाच्या कृत्याचा बचाव घ्यायचा तर चार गोष्टी लागतात. घटना निसर्गाच्या शक्तीने घडलेली हवी. त्यात माणसाचा हात नको. ती आधी कल्पना करता येणार नाही अशी असाधारण हवी. आणि योग्य काळजी घेऊनही ती टळली नसती असे दिसले पाहिजे. हे सिद्ध कोणी करायचे? ज्याने देवाचे नाव घेतले त्याने. मेलेल्याच्या बायकोने नाही, बुडालेल्या शेतकऱ्यानेही नाही.

१८६८ च्या रायलंड्स विरुद्ध फ्लेचर खटल्याने ठरवले की आपल्या जमिनीवर धोकादायक वस्तू साठवणाऱ्याने ती बाहेर पडून झालेले नुकसान भरून दिले पाहिजे. या नियमालाही देवाच्या कृत्याचा अपवाद होता, आणि १८७६ च्या निकोल्स विरुद्ध मार्सलँड खटल्यात तो मान्यही झाला. एका जमीनदारीतले कृत्रिम तलाव अतिवृष्टीने फुटले, पूल वाहून गेले, आणि भरपाई नाकारली गेली. पण १९१७ साली स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकचा खटला आला. तिथल्या नगरपालिकेने मुलांना खेळायला उथळ तळे बांधण्यासाठी ओढ्याचा प्रवाह बदलला होता. जोराचा पाऊस झाला, अडलेले पाणी रस्त्याने धावले आणि रेल्वेचे नुकसान झाले. नगरपालिका म्हणाली, देवाचे कृत्य. न्यायालय म्हणाले, नाही. ओढ्याची नैसर्गिक वाट तुम्ही अडवली, तर पाण्याची जबाबदारी तुमची.

हे वाचून मुंबई आठवली नाही तरच नवल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तो पाऊस असाधारण होता, हे आम्ही नाकारत नाही. पण मिठी नदीचे पात्र भराव घालून, बांधकामे करून अरुंद करणारे हात आकाशातून आले नव्हते.

भारतातल्या न्यायालयांनीही हा बचाव सहजासहजी स्वीकारलेला नाही. राजस्थान सरकारच्या कामावर असलेली गीता नावाची मजूर बाई वीज पडून मेली. सरकारचे म्हणणे, वीज हे देवाचे कृत्य, आमचा संबंध काय? २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वीज निसर्गाची असेल, पण ती बाई त्या ठिकाणी तुमच्या कामासाठी उभी होती. १९२३ च्या कायद्याखाली तिच्या वारसांना भरपाई मिळालीच पाहिजे. हा निकाल आमच्या प्रत्येक मजूर संघटनेच्या कार्यालयात भिंतीवर लावण्यासारखा आहे. उघड्या रानात, विटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर वीज कोणावर पडते? जो तिथे उभा असतो त्याच्यावर. आणि तिथे कोणाला उभे राहावे लागते हे ठरवणारी व्यवस्था आकाशात राहत नाही.

२०१६ साली वोहरा सादिकभाई खटल्यात धरणातून सोडलेल्या पाण्याने लोकांच्या लागवडीचे नुकसान झाले होते. गुजरात सरकारने पावसाकडे बोट दाखवले. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही आणि भरपाई द्यायला लावली. २०२२ साली उत्तर प्रदेशातल्या एका मद्यनिर्मिती कंपनीच्या गोदामाच्या आगीचा निकाल लागला. वादळ नाही, वीज नाही, भूकंप नाही, मग आग आपोआप देवाची कशी होईल, असा त्याचा आशय. आणि सगळ्यांत मोठा निकाल भोपाळनंतरचा. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ गुदमरले, पुढच्याच वर्षी दिल्लीत श्रीराम कंपनीच्या कारखान्यातून ओलियम वायू गळला. एम. सी. मेहता खटल्यात सरन्यायाधीश भगवती यांच्या पीठाने ठरवले की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी संपूर्ण आहे. तिला एकही अपवाद नाही. देवाचाही नाही.

पुढच्या दाराने हाकलला गेलेला हा अपवाद मागच्या दाराने आत येतो, हेही लक्षात ठेवा. २०१० साली संसदेने केलेल्या अणुदायित्व कायद्यात असाधारण स्वरूपाच्या भीषण नैसर्गिक आपत्तीमुळे अपघात झाला तर प्रकल्पचालकाला सूट ठेवली गेली. 'देव' शब्द गाळला, सवलत ठेवली. जैतापूरच्या लोकांनी हे कलम वाचून प्रश्न विचारले तर त्यांना विकासविरोधी म्हणायचे!

आता विम्याकडे वळू. २०१२ च्या 'ओह माय गॉड' चित्रपटामुळे अनेकांची समजूत झाली आहे की 'ॲक्ट ऑफ गॉड' म्हटले की विमा कंपनी पैसे देत नाही. चित्रपटात भूकंपाने दुकान पडते, कंपनी हात वर करते आणि दुकानदार देवावर खटला भरतो. कल्पना झकास आहे, पण शेवटी पडद्यावर खुद्द देवालाच उभे करून चित्रपटाने आपल्याच प्रश्नावर पाणी ओतले. प्रत्यक्षात आपल्याकडच्या आगीच्या विम्यात वीज, वादळ, पूर ही संकटे समाविष्ट असतात. भूकंपासाठी पूर्वी जादा हप्ता भरावा लागे. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत तोही धरलेला आहे. विमाक्षेत्रात 'ॲक्ट ऑफ गॉड' ही संकटांची एक यादी आहे, आणि जुन्या प्रमाणित पॉलिसीत त्या यादीतल्या दाव्यातून पाच टक्के, किमान दहा हजार रुपये, विमाधारकाने सोसायचे असत. म्हणजे कंपनीने देवाच्या कृत्याचा हिशोब केला आहे, दर लावला आहे, कपात ठरवली आहे. पर्जन्यमानाचे तक्ते आणि भूकंपप्रवण क्षेत्रांचे नकाशे समोर ठेवून हप्ता ठरतो. जे आधी मोजता येते ते 'कल्पनेपलीकडचे' कसे? हप्ता घेताना विज्ञान आणि जबाबदारी झटकताना देव, हा दुटप्पीपणा आहे.

पण आमचा खरा प्रश्न याच्याही पुढचा आहे. विमा कोणाचा असतो? ज्याच्याकडे विमा उतरवण्यासारखे काही आहे त्याचा. पीक विम्यात स्थानिक आपत्तीचे नुकसान ७२ तासांत कळवायचे, सातबारा दाखवायचा. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्या मजुराचा पुरात बुडालेला महिनाभराचा रोज कोणत्या पंचनाम्यात बसतो? गावकुसाबाहेर, ओढ्याकाठी, सखल जागेत वस्ती कोणाची असते? पाऊस जात विचारून पडत नाही हे खरे. पण पाणी कोणाच्या घरात आधी शिरेल हे जातीने आधीच ठरवून ठेवले आहे.

माळीण आठवा. ३० जुलै २०१४ रोजी डोंगर खचला आणि १५१ माणसे गेली, आदिवासी माणसे. इर्शाळवाडी आठवा, १९ जुलै २०२३ ची रात्र, पुन्हा आदिवासी पाडा. पश्चिम घाटाबद्दलचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ पासून सरकारच्या दप्तरात होता. इशारा दप्तरात असताना आलेल्या आपत्तीला 'अकल्पित' म्हणता येत नाही.

बाबासाहेबांना हा प्रश्न दिसला होता. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी मागणी केली की विमा ही फक्त राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा उतरवायला राज्याने भाग पाडावे. विचार करा, व्हाइसरॉयच्या मंडळात चार वर्षे मजूर खाते सांभाळलेला माणूस हे मागत होता. ज्याच्याकडे फक्त राबते हात आहेत, त्याच्या मरणानंतर त्याच्या घराला आधार कायद्याने मिळावा, नशिबाने नाही. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना दार पुन्हा उघडले. 'प्रत्येक नागरिक' मात्र वाटेतच राहिला. आज त्याला मिळते ते सानुग्रह अनुदान. सानुग्रह म्हणजे कृपा. आम्हाला कृपा नको आहे, हक्क हवा आहे.

हे सगळे इतके सहज का खपते? कारण या देशात 'देवाचे कृत्य' हा बचाव हजारो वर्षे चालत आला आहे. जात हे आपल्याकडचे सर्वांत मोठे 'ॲक्ट ऑफ गॉड'. पुरुषसूक्तात वर्ण विराट पुरुषाच्या अवयवांतून निघतात. गीतेत कृष्ण सांगतो की चातुर्वर्ण्य मी निर्माण केले. एकदा हे देवाने केले म्हटले की पाणी नाकारणारा पाटील जबाबदार नाही, देवळाचे दार लावणारा पुजारी जबाबदार नाही, वेठ घेणारा जमीनदार जबाबदार नाही. आणि ज्याने सोसले त्याला म्हणायचे, तुझे मागच्या जन्मीचे पाप.

बुद्धाने हा बचाव अडीच हजार वर्षांपूर्वी फेटाळला. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात तो तीन मते तपासतो : सारे पूर्वकर्माने घडते, सारे ईश्वराने निर्मिले म्हणून घडते, सारे कारणाविना घडते. तिघांनाही तो एकच प्रश्न करतो. असे असेल तर हत्या करणारा, चोरी करणारा यांना जबाबदार कसे धरायचे? मग काय करावे आणि काय करू नये, याला अर्थच उरत नाही. कोणत्याही ठेकेदाराचा वकील आज या तीनपैकीच एक बाजू मांडत असतो. नशीब, देव किंवा अपघात!

चांगल्या हेतूनेही हा घोटाळा होतो. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा म्हटले. रवींद्रनाथ टागोरांनी जाहीरपणे विरोध केला. आम्हीही विचारतो, त्या भूकंपात अस्पृश्यांच्या झोपड्या पडल्या नाहीत का? त्यांना शिक्षा कशाची? अस्पृश्यता हा माणसाने माणसावर केलेला गुन्हा आहे. त्याचा निवाडा भूगर्भाने नाही, कायद्याने करायचा असतो.

बाबासाहेबांनी तेच केले. चवदार तळ्याच्या दाव्यात प्रतिपक्ष म्हणाला, अनादी काळापासूनची वहिवाट आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला की ही वहिवाट अनादी असल्याचे सिद्ध झालेले नाही. 'पुरावा दाखवा' एवढी साधी मागणी, आणि तिच्यापुढे अनादी काळ टिकला नाही. पुढे संविधान सभेत, १७ ऑक्टोबर १९४९ रोजी, उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी अशी दुरुस्ती एच. व्ही. कामत यांनी मांडली. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. आपले संविधान 'आम्ही, भारताचे लोक' असे सुरू होते. ते माणसांचे कृत्य आहे, म्हणून त्याखाली घडणाऱ्या गोष्टींना माणसेच उत्तरदायी आहेत.

कोणी म्हणेल, मग भूकंप, वीज, विषाणू हे सगळे सरकारने घडवले का? नाही. असे म्हणणे हाही अंधविश्वासच ठरेल. विषाणू निसर्गाचा होता. पण २४ मार्च २०२० रोजी रात्री आठला जाहीर करून बाराला लागू केलेली टाळेबंदी निसर्गाची नव्हती, आणि महामार्गांवरून गावाकडे चालणारी पावले विषाणूने रस्त्यावर आणली नव्हती. गटारातला वायू रसायनशास्त्राने तयार होतो. पण त्यात माणूस उतरवणारा मुकादम असतो, त्याच्यावर ठेकेदार असतो, त्याच्यावर पालिका असते, आणि उतरणारा कोणत्या जातीचा असतो हे सांगायला नको. २०१३ चा कायदा आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूला १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ साली ती ३० लाख केली. तरी बातमीत शब्द येतो 'दुर्दैवी घटना'. दैव कशाला मध्ये आणता? कंत्राट दाखवा.

म्हणून तरुण मित्रांनो, पुढच्या वेळी पूल पडेल, दरड येईल, गटारात कोणी गुदमरेल, तेव्हा मेणबत्त्या लावण्याआधी पंचनाम्याच्या जागी पोचा आणि चार प्रश्न लेखी विचारा. हे घडू शकते याची सूचना आधी कोणी, कधी, कोणाला दिली होती? दुरुस्तीचा, तपासणीचा कागद कुठे आहे? त्या जागी माणसांना राहायला वा राबायला कोणी लावले? आणि विमा होता का, कोणाच्या नावाने? माहिती अधिकाराचा अर्ज करा, पावती जपून ठेवा. मृताच्या कुटुंबाला सांगा की सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर नाही. देवाचे नाव ज्याने घेतले, पुरावा त्याने द्यायचा आहे.

देवाला साक्षीला बोलावणाऱ्यांना एकच सांगणे आहे. तो समन्स घेत नाही, उलटतपासणीला उभा राहत नाही आणि भरपाईचा धनादेशही काढत नाही. ज्यांच्या सह्या कागदावर आहेत, त्यांनाच आम्ही पिंजऱ्यात उभे करणार.

जय भीम!